जमीन खचली तर आधी खालून पाहा

घराची जमीन एका दिवसात खचत नाही. ती बरेच दिवस आधी खुणा दाखवत असते. शेगडीवरच्या तव्यातले तेल एकाच बाजूला जमा होते. कपाटाचे दार लावले तरी आपोआप उघडते. मुलाच्या हातून सुटलेली गोटी घरंगळत खोलीच्या मध्यभागी जाऊन थांबते. खोलीचे दार चौकटीला घासू लागते, म्हणून आपण सुताराला बोलावून ते रंध्याने तासून घेतो. चार महिन्यांनी ते पुन्हा घासते. कारण दोष दारात नसतो, पायाखाली असतो.

लालबाग, परळ, भायखळा, माझगाव या भागांत आजही पुष्कळ कुटुंबे जुन्या खासगी चाळींच्या वरच्या मजल्यांवर राहतात. विटांच्या भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कोबा आणि कोब्यावर लाद्या, अशी या खोल्यांची रचना असते. बीडीडी चाळी काँक्रीटच्या. तिथे लोखंडी सळ्या गंजतात आणि त्यावरचे उपाय निराळे आहेत. आज आम्ही फक्त लाकडी तुळयांवरच्या जमिनीबद्दल लिहीत आहोत.

अशी जमीन खचली की बहुतेक घरांत काय होते? लग्नकार्य किंवा दिवाळी तोंडावर असते. ओळखीचा मिस्त्री येतो आणि म्हणतो, "ताई, काळजी करू नका. दोन इंच माल टाकतो, लेव्हल करतो, वर नवी लादी बसवतो." दोन दिवसांत खोली चकाचक होते आणि घरच्यांना समाधान वाटते.

आता थोडा हिशेब करू. दहा फूट बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तीवर सरासरी दोन इंचाचा थर दिला तर २० घनफूट माल लागतो. सिमेंट-वाळूचा सुकलेला माल घनफुटाला साधारण ६० किलो भरतो. म्हणजे एकूण १,२०० किलो! लाद्यांचे वजन वेगळेच. साठ किलोची वीस माणसे त्या खोलीत रात्रंदिवस, वर्षानुवर्षे उभी केल्यासारखेच हे झाले. जी तुळई आधीच वाकलेली आहे, तिच्याच पाठीवर आपण हा बोजा चढवतो. कित्येक खोल्यांत तर जुन्या लादीवर नवी लादी, असे दोन-तीन थर आधीपासूनच असतात. जमीन वरून सरळ दिसते, पण तुळई खालून आणखी वाकत जाते. आणि आपली जमीन हे खालच्या बिऱ्हाडाचे छत असते, हे विसरून कसे चालेल?

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, जमीन खचली तर वरून माल टाकण्याआधी खालून पाहा. खालच्या शेजाऱ्यांना विनंती करा, त्यांच्या खोलीत स्टूलावर चढून बॅटरीच्या उजेडात तुळया तपासा. तुळयांची भिंतीत शिरलेली टोके विशेष पाहा. मोरी, नळ आणि बाहेरची भिंत यांच्याजवळची टोके सर्वांत आधी कुजतात. लाकूड सतत ओलसर राहिले की त्याला बुरशी धरते आणि आतून त्याचा भुसा होतो, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. चांगल्या सागवानात ते शिरत नाही, कुजक्या लाकडात सहज आत जाते. हातोडीने हलकेच ठोकले असता आवाज पोकळ आला, किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवीचा संशय घ्यावा. कोणी पाईप नेण्यासाठी तुळईला खाच पाडली आहे का, तळमजल्यावर कोणी खांब किंवा भिंत काढली आहे का, हेही विचारा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. ती इमारत लाकडी नव्हती, पण वरचे मजले खालच्या आधारावर उभे असतात, हा नियम सगळीकडे सारखाच आहे.

दुसरे काम मोजमापाचे. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणा. तीत बुडबुडा राहू देऊ नका. नळीतल्या पाण्याच्या पातळीने भिंतींवर चारही कोपऱ्यांत एकाच उंचीच्या खुणा करा. समोरासमोरच्या खुणांवरून दोरी ताणा आणि दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर कोपऱ्यांत आणि मध्यभागी मोजा. हे आकडे तारखेसह वहीत लिहा. महिन्याने पुन्हा मोजा, पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा. आकडे तेच राहिले तर तुळई पूर्वीच वाकून स्थिर झाली असावी. अंतर सूतभर, दोन सूत वाढत असेल तर दुखणे चालू आहे आणि थांबायला वेळ नाही.

आता दुरुस्तीचा क्रम. हे काम स्ट्रक्चरल इंजिनियरच्या देखरेखीखाली आणि रीतसर परवानगी घेऊनच व्हावे. पण काम बरोबर चालले आहे की नाही, हे आपल्यालाही कळले पाहिजे.

प्रथम पाणी बंद करावे. मोरीची गळती थांबल्याशिवाय नवी तुळई घालणे म्हणजे तीही कुजवणे. नंतर वजन उतरवावे, म्हणजे जुन्या लाद्या आणि कोब्याचे थर काढावेत. मग खालून टेकू द्यावेत. टेकू नुसत्या लादीवर नव्हे, जाड फळीवर उभा करावा. खोली दुसऱ्या मजल्यावर असेल तर पहिल्या मजल्यावर आणि तळमजल्यावरही त्याच रेषेत टेकू हवेत. नाहीतर वरचा भार खालच्या तुळईवर जातो. जॅकने तुळई उचलायची तर दिवसाला फार तर एक सूत. एका दुपारी इंचभर उचलण्याची घाई केली तर भिंतींना तडे जातात आणि पाईप निखळतात. पन्नास वर्षे वाकलेले लाकूड पुरते सरळ होत नाही, तसा हट्टही धरू नये.

त्यानंतर अशक्त तुळईला जोड द्यावी. तिच्या शेजारी नवी तुळई किंवा लोखंडी चॅनेल लावून दोन्ही बोल्टने आवळतात. जोडीची दोन्ही टोके भिंतीवर किंवा खांबावर पक्की टेकली पाहिजेत. अधांतरी जोड काही कामाची नाही. उरलेला उतार तुळयांच्या माथ्यावर मापाने तासलेल्या लाकडी पट्ट्या ठोकून भरून काढावा आणि त्यावर फळ्या किंवा जलरोधक प्लायवूड बसवावे. वर लादीऐवजी व्हिनाईलचे आवरण टाकले तर वजन नाममात्र राहते. सामान मांडतानाही लक्ष द्यावे. २०० लिटरचे पाण्याचे पिंप भरले की २०० किलो होते. पिंप आणि लोखंडी कपाट खोलीच्या मध्यभागी नको, तुळयांची टोके जिथे टेकतात त्या भिंतीलगत असावे.

आमच्या पाहण्यातल्या एका चाळीत दोन बिऱ्हाडांचे वर्षभर बोलणे बंद होते. खालची म्हणत, "तुमची मोरी गळते." वरची म्हणत, "तुमचे छतच जुने." शेवटी महिला मंडळाच्या भगिनींनी दोघांना एकत्र बसवले. इंजिनियरने पाहिले तेव्हा मोरीखालच्या तुळईचे टोक वीतभर कुजलेले निघाले. वरच्यांनी मोरी नव्याने बांधून घेतली. खालच्यांनी तीन आठवडे आपल्या एकुलत्या खोलीत टेकू उभे राहू दिले आणि गॅलरीत स्वयंपाक केला. खर्च दोघांनी वाटून घेतला. भांडणात गेलेल्या वर्षात ते टोक आणखी किती कुजले असेल, याचा विचार करावा.

खर्च कोणाचा, हा प्रश्न रास्तच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा चांगल्या स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूंनी एकट्याने किंवा मिळून निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, मात्र वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. चाळींच्या जुन्या भाड्यात ही रक्कम चणे-फुटाण्यांएवढी होते, हे आम्ही जाणतो. तरीही नोटीस द्या, कारण पुढे तोच पुरावा ठरतो. शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. तिथे सर्व भाडेकरूंच्या सह्यांचा अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. तुळया एकाएकी करकरू लागल्या, छतातून माती झरू लागली, नवा तडा डोळ्यांदेखत वाढला, तर दुरुस्तीची वेळ टळली आहे असे समजा. मुले आणि म्हातारी माणसे यांना घेऊन सगळ्यांनी बाहेर पडावे, शेजाऱ्यांना हाका माराव्यात आणि महापालिकेला १९१६ क्रमांकावर कळवावे. "घर सोडले तर हक्क जाईल" ही भीती आम्ही पोकळ मानत नाही. संक्रमण शिबिरांत कित्येक कुटुंबांच्या पिढ्या गेल्या आहेत. त्यासाठीच भाडेपावत्या, वीजबिले, शिधापत्रिका, नोटिशींच्या प्रती आणि मोजमापाची ती वही एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा. बाहेर पडताना माणसांनंतर तेवढी पिशवी घेतली की पुरे.

येत्या रविवारी तासभर काढा. पाण्याची नळी, दोरी, बॅटरी आणि वही एवढेच लागते. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बिऱ्हाडांनी मिळून मोजा, आणि दोघांनीही त्या आकड्यांखाली सह्या करा.