गाऱ्हाण्यालाही कवितेच्या वर्गात जागा हवी

हायकू शिकवताना फळ्यावर पाच-सात-पाच लिहिले की नववीची मुले बोटांवर अक्षरे मोजू लागतात. सुनिताच्या चौदा ओळी, गझलेचे काफिया-रदीफ हेही त्यांना लवकर कळते. पण ‘आपल्या गावात असा एखादा घाट आहे का?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. मालवण तालुक्यात मराठी शिकवणारी बाई म्हणून माझे उत्तर ठाम आहे: आहे, गाऱ्हाणे.

देवळात मानकरी गाऱ्हाणे घालतो त्याला पक्की बांधणी असते. आधी ‘बा’ अशी हाक. मग रवळनाथ, भगवती, वेतोबा, सीमेवरचे राखणदार अशी त्या त्या गावच्या देवांची नावे. मग कोण आले, कशासाठी आले ते. मग मागणे, आणि चुकले-माकले पोटात घालण्याची विनवणी. टप्प्याटप्प्याला जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. यमक नाही, मात्रा नाहीत. लय धरतो तो हा होकारच. सांगाडा ठरलेला, पण मजकूर प्रसंगाचा. लग्नकार्याचे गाऱ्हाणे वेगळे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतानाचे वेगळे.

असे घाट जगभर जपले जातात. मलय भाषेतल्या पंतुनात चार ओळी असतात. पहिल्या दोन निसर्गाचे चित्र उभे करतात, पुढच्या दोन मनातले सांगतात. २०२० मध्ये युनेस्कोने पंतुनला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. स्पेनच्या बास्क प्रांतात बेर्त्सोलारी ऐन वेळी दिलेल्या विषयावर, ठरलेल्या चालीत पद्य रचून गातात. दर चार वर्षांनी त्यांची मोठी स्पर्धा होते आणि मुलांना ही कला शिकवणारे वर्ग चालतात. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत दडपलेली बास्क भाषा अशा सरावातूनही तगली.

आपण मात्र गाऱ्हाणे मालवणी नाटकांतल्या हशापुरते ठेवले. हसायला माझी हरकत नाही. पण हसून झाल्यावर त्याची रचना कोणी उलगडून दाखवायची? केशवसुतांनी १८९२ मध्ये सॉनेट मराठीत आणले. आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी गझल लिहिली आणि सुनिताचे मुक्तसुनीत केले. परका घाट आपलासा करायची धमक आपल्यात आहे. मग घरचा घाट वर्गाबाहेर का?

मी मुलांना गाऱ्हाणी रचायला सांगते. एका मच्छीमाराच्या मुलीने लिहिले, ‘बा समुंदरा, वाऱ्याचो जोर कमी होवंदे, माझ्या बापाशीची होडी सांजेक बंदराक लागांदे.’ सगळा वर्ग एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. कविता ऐकणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या शाळांना माझे सांगणे आहे. स्नेहसंमेलनात काव्यवाचनाच्या जोडीने गाऱ्हाण्याची स्पर्धा ठेवा. विषय तिथल्या तिथे द्या. गाऱ्हाणे घालणाऱ्या जाणत्या मानकऱ्याला वर्गात बोलवा, त्याला मानधन द्या. देवळात हा मान बहुतेक पुरुषांकडेच राहिला आहे. शाळेत तो मुलींनाही मिळू द्या. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या दर्जाचे सोहळे होत राहतील. मुलांच्या तोंडी घाट रुजवायचे काम मात्र आपल्या वर्गांतच करावे लागेल.