शेवटच्या तासाची बातमी

रात्री साडेनऊच्या सुमारास फोन येतो. पलीकडे तालुक्याचा वार्ताहर असतो. "सर, पेशंट कुठल्या गावचा? नाव काय? कर्ज किती होतं? दहा मिनिटांत पान सोडायचंय." त्या वेळी पेशंटला सलाईन लागलेले असते, एमएलसीचा कागद पोलिसांकडे निघालेला असतो आणि पेशंटची बायको गावाहून जीपमधून येत असते. तिला अजून कुणी काही सांगितलेले नसते.

शासकीय रुग्णालयातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असे फोन मी अनेकदा घेतले. सुरुवातीची काही वर्षे सरळ माहितीही देत होतो. बातमी आली तर सरकारला जाग येईल, असे मनापासून वाटायचे. एकदा असाच वाचलेला एक तरुण शेतकरी चौथ्या दिवशी डोळे उघडून नीट बोलायला लागला. भेटायला आलेल्या मेहुण्याने त्याला पेपर दाखवला. त्यात त्याचे नाव होते, गाव होते, सोसायटीच्या थकबाकीचा आकडा होता आणि घरातल्या भांडणाबद्दल अर्धवट ऐकलेली एक ओळ होती. त्याने पेपर घडी करून उशीखाली ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. डिस्चार्जच्या वेळी एवढेच म्हणाला, "साहेब, आता गावात कुठल्या तोंडानं जाऊ?" ती माहिती आमच्याच रुग्णालयातून बाहेर गेली होती. त्यामुळे आजचा लेख केवळ पत्रकारांना उपदेश करण्यासाठी नाही. या प्रश्नात आम्ही डॉक्टरही वाटेकरी आहोत.

धाराशिव जिल्ह्याला हा विषय नवा नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियान सुरू केले, तेव्हा प्रायोगिक तत्त्वावर दोनच जिल्हे निवडले होते: यवतमाळ आणि आपला, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात शेतीक्षेत्रातील ११,२९० जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले होते. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने परंडा, भूम भागात उभे पीक आणि काही ठिकाणी शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. अशा हंगामानंतर वर्तमानपत्राच्या कचेरीत रोज एकच प्रश्न टेबलावर येतो. ही बातमी द्यायची का आणि द्यायची तर कशी?

द्यायची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पत्रकारांनी हा विषय लावून धरला नसता, तर पॅकेज, कर्जमाफी, समुपदेशन यांपैकी काहीही झाले नसते. पी. साईनाथ यांच्यासारखे पत्रकार विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांपर्यंत गेले, म्हणून दिल्ली-मुंबईला हा प्रश्न दिसला. गप्प बसणे ही नीती नव्हे. खरी अडचण पुढे सुरू होते, कारण ज्या बातमीने सरकार जागे होते, त्याच बातमीने आधीच खचलेल्या वाचकाला धोकाही होऊ शकतो.

बातमीचा संसर्ग

हा धोका कल्पनेतला नाही. १७७४ मध्ये गटे या जर्मन लेखकाची वेर्थरच्या दुःखाची कादंबरी आली. नायकाचे अनुकरण होते आहे, अशी तक्रार होऊन काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली. पुढे १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांतल्या ठळक बातम्या आणि त्यानंतरचे मृत्यू यांचा ताळा घातला आणि या परिणामाला वेर्थरचेच नाव दिले. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचे प्रमाण सरासरी १३ टक्क्यांनी वाढलेले त्यात दिसले. बातमीत पद्धत सांगितली असेल, तर त्या पद्धतीने होणारे मृत्यू ३० टक्क्यांनी वाढले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच विश्लेषणात आत्महत्येच्या सर्वसाधारण बातम्यांबाबत असा स्पष्ट संबंध आढळला नाही. मग आपल्या जिल्हा आवृत्तीतल्या आतल्या पानावरच्या बातमीची काळजी कशाला? कारण परिणाम होतो तो ओळखीतून. वाचकाला वाटले पाहिजे की हा माणूस माझ्यासारखाच आहे. सिनेमातल्या नटाबद्दल ते वाटते, तसे पलीकडच्या गावातल्या, तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच जमिनीच्या आणि त्याच बँकेच्या शेतकऱ्याबद्दल कितीतरी अधिक वाटू शकते.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. व्हिएन्नात भुयारी रेल्वेखाली होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या भडकपणे छापल्या जात. १९८७ मध्ये डॉक्टरांनी पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या पाळल्या. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भुयारी रेल्वेतल्या घटना जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटल्या. रेल्वे तीच होती, शहर तेच होते, बातमीची मांडणी तेवढी बदलली होती. २०१० मध्ये व्हिएन्नातल्याच संशोधकांना असेही दिसले की संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट छापली, तर वाचकाला आधार मिळतो. मोझार्टच्या संगीतिकेत ऐन वेळी तीन मुलांमुळे सावरणारे पापागेनो नावाचे पात्र आहे. त्याचेच नाव या परिणामाला दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आत्महत्या रोखण्याचे जे चार मुख्य उपाय सांगितले आहेत, त्यात माध्यमांची जबाबदार मांडणी हा एक आहे. म्हणजे वार्ताहर हा एका अर्थाने आमच्या टीममधलाच माणूस ठरतो.

नियम आहेत, अडचण कुठे आहे?

भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये याच धर्तीवर सूचना स्वीकारल्या आहेत. बातमी ठळक जागी देऊ नये, पुन्हा पुन्हा देऊ नये. पद्धत आणि ठिकाण यांचा तपशील नको. मथळा भडक नको. फोटो, व्हिडिओ, समाजमाध्यमांवरच्या लिंक नकोत. मृत्यू हा अडचणीवरचा तोडगा असल्यासारखे लिहू नये. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती किंवा फोटो तिच्या संमतीशिवाय रुग्णालयातून माध्यमांना देण्यास २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मनाई करतो. २०२० मध्ये मुंबईतल्या एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे केले, ते पाहून प्रेस कौन्सिलला पुन्हा आठवण करून द्यावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही माध्यमांना संयमाच्या सूचना दिल्या.

पण तालुक्याच्या वार्ताहरासमोरचा पेच नियमांच्या कागदाने सुटत नाही. त्याला मानधन तुटपुंजे, वर जाहिरातींचे टार्गेट. दुसऱ्या पेपरला फोटोसह बातमी आली की सकाळीच डेस्कवरून फोन येतो, "आपल्याला का नाही?" त्याच्याही आधी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे फिरलेले असते. शिवाय कधी कधी खुद्द नातेवाईकच म्हणतात, नाव घाला, कर्जाचा आकडा घाला. त्यामागेही कारण आहे.

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. खासगी सावकाराचे कर्ज असेल, जमीन वडिलांच्या नावावर राहिली असेल किंवा माणूस दुसऱ्याची जमीन करणारा असेल, तर कुटुंबाची ओढाताण होते. अशा वेळी पेपरचे कात्रण फाइलला जोडले की वजन येईल, असे लोकांना वाटते. वार्ताहराने 'कर्जाला कंटाळून' हे दोन शब्द गाळले, तर एखाद्या विधवेचे नुकसान केल्यासारखे त्याला वाटते. ही भावना खोटी नाही.

पण याच दोन शब्दांची दुसरी बाजू मी वॉर्डात पाहिली आहे. वाचलेला एक मध्यमवयीन शेतकरी मला म्हणाला, "साहेब, म्या गेलो तर घरच्याला येवढं तरी भेटंल." मदत मंजूर झाल्याची कुठलीतरी बातमी त्याने वाचली होती. त्या लाखातले ३० हजारच हातात येतात आणि ७० हजार ठेवीत राहतात, हे त्या बातमीत नव्हते. अनेक प्रकरणे अपात्र ठरतात, हेही नव्हते. कर्ता माणूस गेल्यावर त्या घरातली पोरे शाळेतून निघून ऊसतोडीला जातात, हे तर नव्हतेच. त्याच्या डोक्यात उरली होती ती मथळ्यातली रक्कम. आमच्या समुपदेशकाने त्याच्या बायकोला समोर बसवून हिशेब मांडला, तेव्हा तो पहिल्यांदा रडला. नैराश्यावरच्या गोळ्या आणि दोन महिन्यांची फेरतपासणी झाल्यावर तो पेरणीसाठी उसने कुणाकडून घ्यावे, याची चर्चा करू लागला. ही बातमी मात्र कुठेच आली नाही.

मग लिहायचे काय?

'कर्जाला कंटाळून' हे कारण म्हणून अपुरे असते. आम्ही नातेवाइकांशी शांतपणे बोलतो, तेव्हा कर्ज असतेच. पण त्याबरोबर महिनोन्‌महिने न लागलेली झोप असते, दारू असते, दुखणे असते, मुलीच्या लग्नाची बोलणी मोडलेली असतात, कुणीतरी चारचौघांत केलेला अपमान असतो आणि ओळखला न गेलेला नैराश्याचा आजार असतो. एकच कारण लिहिले की त्या कारणाने गांजलेल्या हजारो लोकांना आपण नकळत सांगतो की या वाटेचा शेवट इथेच होतो. दुसरीकडे, सगळे 'मानसिक आजार' या खात्यात टाकले की सोयाबीनचा भाव, विम्याचे अडकलेले पैसे आणि बँकेची नोटीस यांची सुटका होते. व्यवस्थेला तेच सोयीचे असते. पत्रकाराला या दोन्ही खड्ड्यांमधून वाट काढायची आहे.

त्यासाठी मी एक साधी कसोटी सुचवतो. शेवटच्या तासाचा तपशील कमी करा आणि शेवटच्या तीन वर्षांचा वाढवा. कुठे, कशाने, किती वाजता, चिठ्ठीत काय लिहिले होते, यातून वाचकाला काहीही मिळत नाही आणि धोका मात्र वाढतो. या लेखातही मी ते तपशील मुद्दाम टाळले आहेत. त्याऐवजी विचारा: त्या मंडळातल्या पंचनाम्याचे काय झाले? विम्याची रक्कम किती शेतकऱ्यांना मिळाली? बँकेने कर्जाचे पुनर्गठन केले का? पात्रतेची समिती शेवटची कधी बसली? २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा ताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे शोधायची होती, ते काम या गावात चालू आहे का? मानसोपचारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे का? यातला शेवटचा प्रश्न माझ्या खात्याला टोचेल. टोचू द्या.

नावाच्या बाबतीत माझे मत असे आहे. वाचलेल्या माणसाचे नाव कधीही नको. मृताचे नाव छापायचे असेल, तर घरच्यांना विचारून, आणि तेही शवविच्छेदनगृहाच्या व्हरांड्यात नव्हे. चार दिवसांनी घरी जाऊन विचारा. तोवर बातमी शिळी होते, हे खरे. पण सरकारला जाब विचारणारी बातमी चार दिवसांनी शिळी होत नाही. मदतीच्या फाइलला सातबारा, कर्जाचा दाखला आणि तलाठ्याचा अहवाल लागतो. कात्रणाशिवायही ते काम व्हायला हवे आणि नसेल होत, तर बातमी त्याचीच करावी.

शब्दांचेही तसेच. 'जीवनयात्रा संपवली', 'मृत्यूला कवटाळले' या शब्दांनी मरणाला उगाच भारदस्तपणा येतो. 'प्रयत्न अयशस्वी' असे लिहिले की जगणे हेच अपयश ठरते. 'तालुक्यात शतक पूर्ण' हा मथळा तर क्रिकेटच्या पानावरच राहावा. 'आत्महत्येने मृत्यू' आणि 'प्राण वाचले' एवढे साधे शब्द पुरतात.

आम्हा डॉक्टरांसाठीही नियम हवा. कॅज्युअल्टीतून फोनवर नाव सांगायचे नाही, मग विचारणारा कितीही ओळखीचा असो. त्याऐवजी दर महिन्याला जिल्ह्याच्या पातळीवर आकडे, उपचारांची सोय आणि रिकामी पदे यांची माहिती पत्रकारांना अधिकृतपणे द्यावी. माहिती दडवली की ती चोरवाटेने जाते आणि मग कुणाच्या तरी उशीखाली पोचते.

हल्ली मला तसा फोन आला की मी म्हणतो, "पेशंटला अजून पुष्कळ दिवस काढायचे आहेत. आज नाव नको. पंधरा दिवसांनी या, ओपीडीत बसा, त्याची तयारी असेल तर तोच बोलेल." बहुतेक जण येत नाहीत. मागे एक जण आला होता. दोन तास ओपीडीत बसला, मग त्याने नाव न घालता एका सावरलेल्या शेतकऱ्यावर लिहिले, खाली मदतीचा नंबर दिला. त्या आठवड्यात दोघे जण ते पान हातात घेऊन आमच्याकडे आले.

तो नंबर इथेही देतो. टेलि-मानस: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. स्वतःला गरज वाटली तर फोन करा. घरात कुणी गप्प झाले असेल, झोपत नसेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर त्याला थेट विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. घरातल्या धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा, त्याला एकटे सोडू नका आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन या.