सोलर भंगारात काढू नका, त्याला जोड द्या

गेल्या जुलैमध्ये माझी धाकटी बहीण बाथरूममध्ये बेशुद्ध पडली. दार आतून बंद, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून झरोक्याला प्लास्टिक लावलेलं, आणि आत गॅसचा गीझर चालू. अब्बूंनी दार तोडून तिला बाहेर काढलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि ती वाचली. कारण होतं कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वासही नाही. कोंडलेल्या बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की तो साचतो आणि माणसाला कळतही नाही.

हा गीझर आमच्या घरात आला कसा, ते सांगतो. आमची सोसायटी पुण्यात कोंढव्याला आहे, 24 फ्लॅटची. छतावर सोलर वॉटर हीटर आहे. हिवाळ्यात-उन्हाळ्यात त्याचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. पण जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असलं की नळाला कोमट पाणीही येत नाही. मग ज्याने त्याने आपापली सोय केली: कुणी विजेचा गीझर, कुणी बादलीत रॉड, आणि आम्ही स्वस्त पडेल म्हणून गॅसचा गीझर.

यंदाच्या वार्षिक सभेत ठराव आला, की सोलर भंगारात द्यावं आणि छत मोकळं करावं. मी विरोध केला. चेअरमनचाचा म्हणाले, "बेटा, चार महिने बंद राहणारी चीज ठेवून करायचं काय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना जे समजलं, ते तुमच्यासमोर मांडतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या इमारतीवरही असंच सोलर धूळ खात असेल.

माझं म्हणणं एवढंच: सोलर ठेवा आणि त्याला हीट पंप जोडा.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता खेचून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात टाकतो. वीज लागते ती उष्णता वाहून नेण्यापुरती. म्हणून आपल्याकडच्या हवामानात एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पाण्याला मिळते. गीझरमध्ये एका युनिटची एकच मिळते.

हिशोब करू. पाच माणसांच्या घराला रोज 100 लिटर गरम पाणी धरा. 20 अंशाचं पाणी 60 अंशांवर न्यायला गीझरला जवळपास 4.7 युनिट लागतात, हीट पंपाला 1.6. महिन्याला 140 युनिट विरुद्ध 50च्या आत. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटनंतर दर चढतो, हे घरातलं बिल भरणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणजे एकटा गीझरच आपल्याला वरच्या दरात ढकलतो. ज्या दिवशी ऊन आहे, त्या दिवशी तर सोलरमुळे हा खर्च शून्याजवळ येतो.

ही जोडी आपल्याकडे विशेष जमते, त्याला कारण आहे. युरोपात ऊन कमी होतं ते कडाक्याच्या थंडीत, आणि नेमकी तेव्हाच हवा गार असल्याने हीट पंपालाही जास्त कष्ट पडतात. पुण्यात ऊन हरवतं पावसाळ्यात. त्या वेळी हवा वीस-पंचवीस अंशांची आणि दमट असते. हीट पंपाला अशी हवा मानवते. एक जिथे थकतो, तिथे दुसरा ताजा असतो.

मात्र जोडणी नीट हवी. हीट पंप सोलरच्याच टाकीला जोडून पहाटे चालवला, तर सूर्य उगवेपर्यंत टाकी तापलेली असते आणि सूर्याला काम उरत नाही. म्हणून दोन टाक्या ठेवायच्या. सोलरच्या टाकीतून पाणी दुसऱ्या टाकीत यावं आणि हीट पंप त्या दुसऱ्या टाकीवर असावा. पाणी 55 अंशांवर आलं तर पंप गप्प, 35वर आलं तर उरलेलं काम त्याचं. टायमर दुपारी चारच्या आसपास लावायचा, म्हणजे दिवसभराच्या उन्हाने किती काम केलं ते कळलेलं असतं आणि हवाही उबदार असते. आमची दादी फजरला उठते. तिच्या वजूचं पाणी हे कालच्या उन्हाचं असतं, म्हणून टाकीला आणि पाइपांना चांगलं इन्सुलेशन लागतंच. शिवाय गरम पाणी पाइपातून फिरतं ठेवणारी परतीची लाइन नसेल, तर नळाला ऊन पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जातं. दादी त्याला इस्राफ म्हणते. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत तो पैशांचाही इस्राफ आहे.

दुसरी बाजूही सांगतो. छतावर काहीच नसेल आणि नव्याने सुरुवात करायची असेल, तर वीज बनवणारे सोलर पॅनेल आणि हीट पंप हा पर्याय तोलामोलाचा आहे. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्या पॅनेलला अनुदान मिळतं, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. पण चालू सोलर मोडून तिथे जाणं म्हणजे हातचं सोडणं. आमच्या सोलरचं खरं दुखणं क्षार होतं. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत थर साचला होता, आणि कित्येक वर्षं कुणी साफसफाई केली नव्हती.

सभेत खरा वाद मशिनवर झालाच नाही, तो पैशांवर झाला. हीट पंप सोसायटीच्या मीटरवर चालणार. मग दोन माणसांच्या घराने आठ माणसांच्या घराचं बिल का भरावं? भाडेकरू म्हणाले, आम्हाला तर मतच नाही. या तक्रारी खोट्या नाहीत. माझा प्रस्ताव असा: प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या लाइनला मीटर बसवा, वापराल तेवढे द्या. मशिनचा खर्च मालकांकडून, विजेचा वापरणाऱ्याकडून. आणि बंद बाथरूममधले गॅस गीझर काढण्याचा ठराव त्याच दिवशी करा.

सोलर विकण्याचा ठराव तूर्त थांबला आहे. तिघांची समिती नेमली, त्यात मी आहे. तीन कोटेशन आणून पुढच्या सभेत हिशोब मांडायचा आहे.

दोस्तांनो, त्या सभेत तिशीच्या आतला मी एकटाच होतो. वस्तीच्या प्रश्नांवर आपण फोनवर तासन्‌तास बोलतो, पण सोसायटीच्या सभेची नोटीस लिफ्टमध्ये लागते तेव्हा वाचत नाही. या रविवारी आपल्या छतावर जा. टाकीतून पाणी गळतंय का, नळ्या फुटल्यात का, पाइपवरचं आवरण उडालंय का, ते पाहा. मग घरातलं बिल काढा आणि पावसाळ्यातले युनिट उन्हाळ्याशी ताडून पाहा. आणि त्याआधी, घरात गॅसचा गीझर असेल, तर झरोक्यावरचं प्लास्टिक आजच काढा.