तापीकाठचा शारदोत्सव

पर्जन्याचा अंमल ओसरून आकाश निवळू लागले, भाद्रपदातील गणपतींना निरोप देऊन झाला आणि गरब्याच्या तयारीने सुरतेच्या शेऱ्या गजबजू लागल्या, म्हणजे या नगरीतील महाविद्यालयांच्या आवारांतही एक निराळी लगबग सुरू होते. तास संपल्यावर वर्गातील बाके भिंतीला लावून एकांकिकांच्या तालमी चालतात, एखाद्या खोलीतून हार्मोनियमचे सूर आणि तबल्याचे ठेके ऐकू येतात, आणि एरवी परीक्षेच्या पलीकडे ज्यांचा परस्परांशी संबंध येत नाही अशी विज्ञान, वाणिज्य व कला शाखांची मुले एका सतरंजीवर बसून एकाच संहितेवर वाद घालू लागतात. गुजरातेतील विद्यापीठांचे युवक महोत्सव बहुधा दिवाळीच्या सुट्टीच्या अलीकडे, याच महिन्यांत भरतात. त्यांच्याकडे अभ्यासाच्या दोन प्रकरणांमधील विश्रांती म्हणून पाहण्याचा शिरस्ता जुना आहे. परंतु सुरतेपुरते बोलायचे तर हा शारदोत्सव दोन भाषांच्या तरुणांनी परस्परांना ओळखण्याचे सर्वांत सुलभ आणि सर्वांत प्रतिष्ठित साधन आहे, आणि त्या साधनाचा म्हणावा तसा उपयोग आपण अद्याप करून घेतलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत सुरतेच्या मातीला परके नाही. १८४४ साली याच शहरात दुर्गाराम मेहताजींनी मानवधर्म सभा स्थापन केली, तेव्हा त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्यांत मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. दादोबा त्या काळी सुरतेत इंग्रजी शाळेत अध्यापन करीत, आणि जातिभेद व अंधश्रद्धा यांविरुद्ध जाहीरपणे बोलण्याचे जे धाडस या सभेने दाखविले, त्याचाच वारसा पुढे त्यांनी मुंबईत परमहंस सभेच्या रूपाने चालविला. याचा अर्थ असा की, पश्चिम भारतातील सुधारणेच्या एका महत्त्वाच्या प्रवाहाचा उगम एका गुजराती शिक्षकाच्या आणि एका मराठी शिक्षकाच्या सुरतेतील सहवासात आहे. पुढे सुरतेचाच सुपुत्र कवी नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकत असता, वयाची विशी उलटण्यापूर्वीच, तरुणांच्या मंडळीपुढे एक निबंध वाचता झाला. माणसांनी मंडळी करून एकत्र जमल्याने कोणते लाभ होतात हा त्याचा विषय होता, आणि अर्वाचीन गुजराती गद्याचा आरंभ पुष्कळ अभ्यासक त्या निबंधापासून मानतात. एका भाषेच्या गद्याची पहाट विद्यार्थ्यांच्या सभेत व्हावी, ही गोष्ट महाविद्यालयीन संमेलनांना किरकोळ लेखणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीने सुरतेत १९१८ साली महाविद्यालय काढले, ते पुढे मगनलाल ठाकोरदास बालमुकुंददास यांच्या नावाने, म्हणजे लोकांच्या तोंडी एम. टी. बी. कॉलेज म्हणून, प्रसिद्धीस आले. त्या काळी या मुलखात मुंबई विद्यापीठाखेरीज दुसरे विद्यापीठ नव्हते. १९४५ साली खानदेशात अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले तेव्हा तेही त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली आले. म्हणजे काही वर्षे तरी सुरतेच्या अथवालाइन्सवरचा गुजराती विद्यार्थी आणि बोरी नदीकाठचा खानदेशी विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या परीक्षेस बसत होते. पुढे १९४९ च्या सुमारास पुणे आणि गुजरात ही विद्यापीठे निराळी झाली, १ मे १९६० रोजी राज्येही निराळी झाली, आणि प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेल्या रेषा हळूहळू मनांतही उमटल्या. भाषावार राज्यरचना न्याय्यच होती, तिच्याविषयी तक्रार करण्याचे मला काहीच प्रयोजन नाही. परंतु दप्तरे विभागली गेली म्हणून अभिरुचीही विभागलीच पाहिजे, असा दंडक कोणी घातलेला नव्हता.

शिवाय माणसे तर विभागली गेली नाहीतच. तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस अमळनेरशी जोडता झाला, आणि त्या मार्गाने नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या कापडधंद्यात येत राहिली. आज उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या वस्त्यांतून फिरणाऱ्यास घराघरांत मराठी आणि अहिराणी ऐकू येते. यंत्रमागांच्या पाळ्या सांभाळीत या कुटुंबांनी आपले संसार उभे केले आणि सुरतेच्या वैभवात आपल्या घामाचा वाटा घातला. सुरत महानगरपालिकेचे औदार्यही येथे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे: तिच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात, आणि परप्रांतातून आलेल्या श्रमिकांच्या मुलांना त्यांच्या मातृभाषेत अक्षरओळख करून देणाऱ्या नगरपालिका या देशात फार नाहीत.

प्रश्न उद्‌भवतो तो त्यापुढे. इयत्ता जसजशी वाढते तसतशी मराठीची जागा आकसत जाते, आणि महाविद्यालयाच्या दारात पोहोचेपर्यंत ती स्वयंपाकघरात आईशी बोलण्याची आणि गणपतीच्या मंडपात आरती म्हणण्याची भाषा होऊन राहते. मुलगा गुजराती उत्तम बोलतो, हिंदीत मित्रांशी थट्टामस्करी करतो, इंग्रजीत उत्तरपत्रिका लिहितो. यात वाईट काहीच नाही, उलट चार भाषांत वावरणारा तरुण हे या नगरीचे धन आहे. दुःख एवढ्याचेच आहे की, ज्या भाषेत तो प्रथम रडायला आणि रुसायला शिकला, त्या भाषेत काही गंभीर, काही सुंदर, चारचौघांनी ऐकून दाद द्यावी असे काही सांगण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात एकदाही येत नाही. ज्या भाषेला व्यासपीठ नाही तिच्याविषयी बोलणाऱ्याच्या मनात प्रथम संकोच उत्पन्न होतो, मग औदासीन्य, आणि एका पिढीच्या अवधीत विस्मृती. या घसरणीस अटकाव करण्याचे सामर्थ्य भाषणांत नाही, ठरावांतही नाही. ते रंगमंचावर आहे, कारण तेथे तरुण मनुष्य स्वखुशीने, मित्रांच्या संगतीत आणि टाळ्यांच्या अपेक्षेने भाषेकडे जातो.

यासाठी नवे कायदेकानू करण्याचीही आवश्यकता नाही. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवाची कल्पना स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकातीलच आहे. १९५४ साली दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला महोत्सव भरला, तेव्हा निरनिराळ्या प्रांतांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या कला पाहाव्यात, हाच त्यामागील हेतू होता. मध्यंतरी खंडित झालेली ही परंपरा भारतीय विश्वविद्यालय संघाने १९८० नंतरच्या दशकात पुन्हा सुरू केली. या संघाच्या नियमांत वक्तृत्वासाठी हिंदी वा इंग्रजी विहित असली, तरी एकांकिका कोणत्याही भारतीय भाषेत करण्याची मुभा आहे. परीक्षकांसाठी कथानकाचा गोषवारा तेवढा हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. दार उघडेच आहे. आत जाण्याचा संकल्प हवा. सुरतेतील एखाद्या महाविद्यालयाने उद्या अहिराणीत एकांकिका बसविली, तीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या बापाची आणि संगणक शिकणाऱ्या मुलीची कथा सांगितली, आणि गुजराती सहाध्यायांनी त्यातच भूमिका केल्या, तर नियमाचा भंग तर होणार नाहीच, उलट त्या नियमामागील मूळ हेतू सफल होईल.

महाविद्यालयीन एकांकिका काय करू शकते, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि तेव्हापासून दिग्दर्शन, नेपथ्य, अभिनय सारे काही विद्यार्थ्यांनीच करावयाचे, या शिस्तीत कित्येक पिढ्या घडल्या. पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे यांच्यासारखे तरुण विद्यार्थिदशेतच नाटकात रमले आणि पुढे मराठी रंगभूमीचे आधार झाले. सुरतेचीही याबाबतीतील परंपरा दरिद्री नाही. गुजराती हौशी रंगभूमीचे अध्वर्यू चंद्रवदन मेहता १९०१ साली याच शहरात जन्मले. ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आज या शहरात उभे आहे त्या संजीवकुमारांचाही जन्म येथलाच. दोन समृद्ध रंगपरंपरा एका शहरात शेजारी नांदत असता त्यांची तरुण पिढी एकमेकींच्या तालमीस कधी बसू नये, ही उणीव दैवाची नसून आपल्या योजकतेची आहे.

येथे एका योगाकडे मी लक्ष वेधू इच्छितो. दक्षिण गुजरात विद्यापीठास २००४ साली वीर नर्मदाचे नाव देण्यात आले. १९९० साली जळगावी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे. तापीच्या एकाच खोऱ्यात दोन विद्यापीठे आणि दोहोंवर कवींची नावे, असा योग भारतात अन्यत्र सहसा आढळणार नाही. एक नाव नगरातील सुशिक्षित, बंडखोर, लेखणीलाच आपले जीवित वाहून टाकणाऱ्या पुरुषाचे. दुसरे, अक्षरओळख नसताना जात्यावर आणि शेतात काव्य रचणाऱ्या, आणि जिच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या म्हणूनच आपल्या हाती लागल्या अशा कृषक स्त्रीचे. विद्या आणि अनुभव, ग्रंथ आणि बोली यांची ही जोडी आहे. जळगावच्या विद्यापीठाचा ‘युवारंग’ महोत्सव खानदेशातील विद्यार्थ्यांच्या कलागुणांना दरवर्षी वाव देतो, सुरतेचे विद्यापीठही आपला महोत्सव भरविते. मग या दोन विद्यापीठांनी मिळून शरदातील दोन दिवस एका संयुक्त कलामेळाव्यासाठी का मुक्रर करू नयेत?

ते दिवस कोणते, हेही पंचांगाने जणू सुचवूनच ठेवले आहे. आश्विनी पौर्णिमेला मराठी घरांत कोजागरी साजरी होते, आटीव दुधात चांदणे पाहिले जाते. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरतेत चांदणी पडवा येतो, तेव्हा अवघे शहर घारीची मिठाई आणि भुसूचे फरसाण घेऊन मोकळ्या आकाशाखाली बसते. एक रात्र खानदेशाची, दुसरी सुरतेची. पहिल्या दिवशी खानदेशातील विद्यार्थ्यांनी मराठी व अहिराणी नाट्य, गीत आणि लोकपरंपरेतील वहीगायन सादर करावे, दुसऱ्या दिवशी सुरतेच्या विद्यार्थ्यांनी शेरी गरबा, गझल आणि गुजराती एकांकिका. एका वर्षी यजमानपद सुरतेकडे, पुढच्या वर्षी जळगावकडे. स्पर्धा ठेवूच नये असे मी म्हणत नाही, पण एक तरी प्रयोग असा असावा की ज्यात दोन्हीकडचे विद्यार्थी मिळून काम करतील आणि ज्याला क्रमांक दिला जाणार नाही. खर्चाची बाब दुर्लंघ्य नाही. गणेशोत्सवासाठी सुरतेतील मराठी मंडळे जी वर्गणी भक्तीने जमवितात, तिचा अल्पसा अंश विद्यार्थ्यांच्या तालमींसाठी राखून ठेवला तरी आरंभ होईल. आणि नाट्यगृहे नाममात्र भाड्याने विद्यार्थ्यांस देण्याचा ठराव महानगरपालिकेने केला तर तिच्या बहुभाषिक शाळांच्या धोरणास ते साजेसेच ठरेल.

आक्षेप दोन येतील. पहिला परीक्षांचा. सत्रपद्धतीमुळे शरदाचे दिवस अंतर्गत चाचण्यांनी व्यापलेले असतात आणि तालमीसाठी थांबणाऱ्या मुलास हजेरीची चिंता लागते, हे खरे आहे. पण त्याचा उपाय कला वर्ज्य करणे हा नसून, शैक्षणिक दिनदर्शिकेतच तालमींसाठी आठवडाभराची रीतसर तरतूद करणे हा आहे. संहिता वाचणे, तिच्यावर चर्चा करणे, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे आणि ठरल्या वेळी ठरल्या जागी उभे राहणे, हे शिक्षण ज्या पदवीत मोजले जात नाही, ती पदवी अपुरी आहे. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. भाषेचा प्रश्न महाविद्यालयात आणला तर दुफळी माजेल, अशी भीती सुजाण माणसेही बोलून दाखवितात. माझी धारणा याच्या अगदी उलट आहे. दुफळी माजते ती न पाहिलेल्या, न ऐकलेल्या माणसाविषयी मनात साचलेल्या गैरसमजांतून. जो शेजारी आपल्या नाटकात बापाची भूमिका करून गेला, त्याच्याविषयी गैरसमज बाळगणे कठीण होते. ज्यांचा जन्म साताऱ्यात झाला त्या काका कालेलकरांनी गुजराती गद्य वैभवास नेले, आणि त्यांचे मराठीपण तिळभरही उणे झाले नाही. दोन भाषांचे प्रेम एका हृदयात मावते याचा याहून मोठा पुरावा कशास हवा?

अमळनेरच्या शाळेत अध्यापन केलेल्या साने गुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांतोप्रांतींच्या लोकांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, परस्परांच्या कला आणि चालीरीती जाणाव्यात, म्हणजेच राष्ट्र हे केवळ नकाशावरील न राहता मनात वसेल, असा त्या कल्पनेचा आशय होता. तिच्यासाठी निधी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न चालू असतानाच, पुढच्याच वर्षी, त्यांचे देहावसान झाले. गुरुजींचे अमळनेर आणि नर्मदाची सुरत एकाच लोहमार्गावर आहेत, आणि त्या गाड्यांतून दर दिवाळीला सहस्रावधी माणसे गावी जातात व परततात. आंतरभारतीसाठी याहून अनुकूल भूमी शोधूनही सापडणार नाही.

म्हणून माझी विनंती तिघांस आहे. दोन्ही विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांनी येत्या वर्षाच्या दिनदर्शिका निश्चित होण्यापूर्वी एकत्र बसावे आणि हे दोन दिवस नोंदवून टाकावेत. सुरतेतील मराठी मंडळांनी आपल्या मुलांची हौस गणपतीच्या दहा दिवसांपुरती मर्यादित न ठेवता ती महाविद्यालयाच्या रंगमंचापर्यंत पोचवावी. आणि उधना-लिंबायतच्या आईबापांनी, मुलगा वा मुलगी तालमीसाठी उशिरा घरी येईल तेव्हा, वेळ फुकट गेला असे समजू नये; ज्या भाषेत त्यांनी आपल्या मुलांना वाढविले ती भाषा परक्या शहरात मानाने उभी राहावी, यासाठी ती मुले हा वेळ देत आहेत. सुरतेने खानदेशाच्या श्रमास जागा दिली, खानदेशाच्या मुलांच्या भाषेस प्राथमिक शाळा दिली. आता त्याच्या तरुणांच्या प्रतिभेसही रंगमंच द्यावा, आणि खानदेशानेही सुरतेच्या गुजरातीस तितक्याच आदराने आपल्या मंचावर बोलवावे. हे घडविणे आपल्या हातात आहे, आणि ते याच पिढीत घडले पाहिजे.