जनुकांना जात नसते, पण जातीने जनुके कोंडली

सिकलसेलच्या तपासणी शिबिरात एक प्रश्न हमखास येतो. रक्ताचा थेंब देऊन झाला की कुणीतरी बाजूला येऊन हळूच विचारतो, "हा आपल्याच समाजाचा रोग आहे का हो?" विचारणारा विदर्भातला बौद्ध असतो, गडचिरोलीचा गोंड असतो, नंदुरबारचा भिल्ल असतो, छत्तीसगडचा सतनामी किंवा साहू असतो. सूर मात्र सगळीकडे एकच, अपराध्यासारखा. जणू पूर्वजांनी काही पाप केले आणि ते रक्तातून आपल्यापर्यंत उतरले. शेजारचा सवर्ण तर त्याला प्रश्नही पडू देत नाही. त्याच्या लेखी हा 'त्यांचा' रोग आहे, विषय संपला.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. 17 राज्यांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत या आजाराचे निर्मूलन करायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्यांच्या हातात कार्ड येते. कुंडली जुळवू नका, कार्ड जुळवा, असा प्रचारही होतो. हेतू चांगला आहे. पण कार्ड हातात आले आणि त्यावरच्या अक्षरांचा अर्थ कळला नाही, तर तेच कार्ड नवी कुंडली बनते आणि पहिला मार बसतो तो आपल्या मुलींच्या लग्नांना. म्हणून आनुवंशिकतेचे चार धडे आपण नीट समजून घेतले पाहिजेत. जातीची सगळी मदार 'रक्त' आणि 'बीज' या दोन शब्दांवर असताना हा विषय केवळ डॉक्टरांवर सोडून चालणार नाही.

पहिली गोष्ट, रक्त वारशाने येत नाही. आईचे रक्त आणि पोटातल्या बाळाचे रक्त सहसा एकमेकांत मिसळतही नाही. वारशाने येतात त्या गुणसूत्रांच्या 23 जोड्या. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईचे, एक बापाचे. या 46 गुणसूत्रांवर सुमारे 20,000 जनुके आहेत आणि प्रत्येक जनुक म्हणजे शरीरातला एखादा पदार्थ कसा बनवायचा याची सूचना. मराठीत 'गुणसूत्र' हा शब्द रूढ झाला आणि त्याने नकळत एक घोळ केला. गुण म्हटले की आपल्याला सत्त्व, रज, तम आठवतात, 'गुणकर्म' आठवते, 'खाण तशी माती' आठवते. गुणसूत्रात यातले काहीही नाही. तिथे प्रामाणिकपणा नाही, विद्वत्ता नाही, लबाडी नाही. तिथे प्रथिने बनवण्याच्या आणि ती केव्हा, किती बनवायची याच्या सूचना आहेत.

दुसरी गोष्ट ग्रेगोर मेंडेल यांनी दाखवली. ब्रनो शहरातल्या एका मठात त्यांनी आठ वर्षे वाटाण्याची झाडे लावली आणि 1866 मध्ये आपला निबंध छापला. पुढची 34 वर्षे त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. पिवळ्या दाण्याच्या वाटाण्याचा हिरव्या दाण्याच्या वाटाण्याशी संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे आले. त्या पिढीची झाडे आपसांत फळली, तेव्हा दर चार दाण्यांत सरासरी तीन पिवळे आणि एक हिरवा आला. म्हणजे हिरवेपण दुधात पाणी मिसळावे तसे पिवळ्यात मिसळले नव्हते. ते लपले होते आणि संधी मिळताच जसेच्या तसे परत आले. वारसा असा सुट्या सुट्या तुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकड्याची एक प्रत आईकडून, एक बापाकडून. 'शुद्ध रक्त', 'भेसळ', 'वर्णसंकर' या कल्पना वारसा हा एक द्रव आहे असे धरून चालतात. त्या द्रवाचा निकाल दीडशे वर्षांपूर्वी वाटाण्याच्या वाफ्यात लागला.

आता सिकलसेल. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारे जनुक आहे. त्यातले एकच अक्षर बदलले, की त्या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. सुमारे तीन अब्ज अक्षरांपैकी हे एक अक्षर. तेवढ्याने तांबडी पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, लवकर मोडते. मग हाडे, सांधे, पोट यांत असह्य कळा येतात. बदललेली एकच प्रत असेल तर तो वाहक, म्हणजे एएस. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर तो रुग्ण, म्हणजे एसएस. वाहक हा आजारी नसतो. तो शेतात राबतो, खेळतो, शिकतो, आणि बहुतेक वेळा त्याला आपण वाहक असल्याचे तपासणीपर्यंत ठाऊकही नसते.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोन्हींतून मोकळे असण्याची चारात एक. ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी, असा हिशेब नसतो. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात थॅलेसेमियासारखा दुसरा हिमोग्लोबिन दोष नसेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. एवढे कळले तरी 'मुलगी एएस आहे, नको' म्हणणाऱ्या घराचे अज्ञान उघडे पडते. मुलाची तपासणी न करता फक्त मुलीचे कार्ड मागणे हे विज्ञान नव्हे, जुनाच पुरुषी माज आहे. आजारी मुलाचा एक वाटा बापाकडून आलेला असतो. तरीही 'हिच्या माहेरचा रोग' हे वाक्य किती सुनांनी ऐकले असेल, याची मोजदाद कुठल्याच अभियानात होत नाही.

मग हा रोग आपल्याच समाजात का? मुळात तो आपल्याच समाजात नाही. 1910 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ज्या रुग्णाची पहिली नोंद झाली, तो शिकागोत शिकणारा कॅरिबियन बेटावरचा तरुण होता. आफ्रिकेत, सौदी अरेबियात, ग्रीसच्या काही भागांत हे जनुक आहे. भारतात 1952 मध्ये त्याची नोंद झाली ती निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये. या सगळ्या ठिकाणांना जोडणारा धागा आहे मलेरिया. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवले की, एक प्रत असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जंगलाच्या, डासांच्या मुलखात ज्यांच्या अंगी हे जनुक होते त्यांची लेकरे जगली, आणि जनुकही टिकले. म्हणजे एएस हा कलंक नाही, आपले पूर्वज काय सोसून तगले याची ती खूण आहे.

पण अर्धे उत्तर अजून बाकी आहे. डास सगळ्यांनाच चावत होता. एकाच गावात राहूनही हे जनुक काही समाजांत दाट आणि काहींत जवळपास नाही, असे का? कारण गावात डासाला वेस नव्हती, लग्नाला होती. ज्या गटात जनुक होते तिथेच ते शेकडो वर्षे फिरत राहिले. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म नेमके इथेच दाखवले होते: जातीतच लग्न करण्याची सक्ती हेच जातीचे यंत्र आहे. शंभर वर्षांनी जनुकशास्त्रज्ञांच्या हाती त्या यंत्राच्या खुणा लागल्या. हैदराबादच्या सीसीएमबीतील के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या चमूने 2013 मध्ये दाखवले की, सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी या उपखंडातले लोक मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळले. ही सरमिसळ इतकी व्यापक होती की भिल्लांसह दूर एकाकी मानलेल्या समाजांतही तिच्या खुणा आहेत. त्यानंतर दारे बंद होत गेली. 2017 मध्ये याच प्रकारच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समाजगटांपैकी 81 गट असे आढळले, ज्यांच्यात मोजक्या पूर्वजांमुळे आलेला जनुकीय तोचतोपणा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही अधिक आहे.

हे कोंडलेपण वर्ण पाहत नाही. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एक एन्झाइम कमी असण्याचा दोष इतका जास्त आहे की, भूल देताना वापरायच्या एका नेहमीच्या औषधाचा असर लवकर उतरत नाही. अगरवाल समाजात मेंदूच्या एका दुर्मीळ आजाराचे विशिष्ट जनुक सापडते. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आहेत. पण या आजारांना कुणी 'वाण्यांचा रोग' म्हणून नाक मुरडत नाही. आजार सगळ्यांचे, बदनामी काहींचीच. ही वाटणी जनुकांनी केलेली नाही.

आकड्यांत पाहू. उदाहरणादाखल धरा, एका समाजात पाचात एक माणूस वाहक आहे. समाजातल्या समाजात लग्ने झाली तर दोघेही वाहक असण्याची शक्यता पंचवीसात एक आणि मूल रुग्ण असण्याची शंभरात एक. त्याच समाजातल्या माणसाने जिथे शंभरात एकच वाहक आहे अशा समाजात लग्न केले, तर मूल रुग्ण असण्याची शक्यता दोन हजारांत एक. जातीची भिंत लेकरांच्या सांध्यांत कशी दुखते, ते एवढ्या साध्या गणितात दिसते.

यावर 'आमच्या ऋषींना जनुकशास्त्र ठाऊक होते, म्हणून तर सगोत्र विवाह वर्ज्य' असा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो. दहा पिढ्या मागे गेलो तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात 1024 जागा असतात. गोत्र त्यातल्या एकाच जागेचा, बापाच्या बापाच्या बापाचा माग ठेवते. उरलेल्या 1023 त्याच्या हिशेबातच नाहीत. मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रात आणि दक्षिणेत अनेक जातींत चालते, तिथे गोत्र वेगळे म्हणून जनुके वेगळी होत नाहीत. आणि गोत्राबाहेर जा पण जातीबाहेर जाऊ नका, हा नियम तर कुंपणाच्या आतच येरझाऱ्या घालायला सांगणारा आहे.

दुसरा दावा अधिक घातक आहे: बुद्धी रक्तात असते, म्हणून मेरिट काही घरांतच असते. बाबासाहेबांनी 1936 च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या दाव्याचा समाचार घेताना मेंडेलच्या नियमांवर लिहिणाऱ्या विल्यम बेटसन यांचाच हवाला दिला होता. बौद्धिक क्षमता एखाद्या सरळ नियमाने पिढीतून पिढीत उतरतात असे मानायला आधार नाही, हा त्याचा आशय. आजचे विज्ञान त्याच दिशेने गेले आहे. उंचीसारख्या फूटपट्टीने मोजता येणाऱ्या गोष्टीशी जनुकसंचातल्या सुमारे 12,000 जागांचा संबंध असल्याचे 2022 मध्ये 50 लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून दिसले. आणि एवढे असूनही पोटाला अन्न नसेल तर उंची खुंटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 नुसार देशातली पाच वर्षांखालची 35.5 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. त्यांच्या जनुकांत दोष नाही, ताटात आहे. मग शिकवणी, पुस्तके, इंग्रजी, ओळखीपाळखी यांवर उभ्या असलेल्या परीक्षेच्या गुणांना 'बीज' म्हणायचे धाडस होतेच कसे? शिवाय एकाच जोडप्याच्या 23 जोड्यांतून आई-बाप प्रत्येकी सुमारे 84 लाख वेगवेगळे संच देऊ शकतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे वैविध्य एका घरातच पाहावे. सख्खी भावंडे सारखी नसतात, तिथे लाखोंची जात सारखी कशी असेल?

इथे आपणही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'आंतरजातीय लग्न केल्याने संतती सुदृढ होते' असा प्रचार आपल्या बाजूचा वाटतो, पण तो घसरडा आहे. चांगल्या संततीच्या नावाखाली माणसांची निवड करण्याचा मार्ग गेल्या शतकात जर्मनीत सक्तीच्या नसबंदीपर्यंत आणि पुढे नरसंहारापर्यंत गेला. बाबासाहेबांनी रोटीव्यवहारापेक्षा बेटीव्यवहाराला महत्त्व दिले ते आपलेपणाची, नात्याची भावना निर्माण व्हावी म्हणून. लग्न हे दोन माणसांच्या मर्जीने व्हावे, त्याला जातीची आडकाठी नसावी, एवढेच आपले म्हणणे. आजाराची शक्यता घटते हा त्याचा लाभ आहे, कारण नव्हे.

हीच कसोटी सरकारच्या अभियानाला लावली पाहिजे. 'निर्मूलन' कुणाचे? कार्ड जुळवून पुढच्या पिढीतले रुग्ण कमी करता येतील, पण आज कळांनी तळमळणाऱ्या पोराचे काय? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी जुनी आणि प्रभावी आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळाली पाहिजे. बाळ जन्मताच टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी, लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस, यांनी लेकरे वाचतात. दुखण्याने शाळा बुडवणाऱ्या मुलाला आळशी ठरवणाऱ्या शिक्षकालाही हे शिकवावे लागेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, पण त्याच कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या 4 टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागा नाही. कागदावर दिव्यांग आणि भरतीत धडधाकट, हा न्याय कुठला? याबद्दल आपल्या संघटनांनी निवेदनांपलीकडे जाऊन आवाज उठवला पाहिजे.

आणि कार्ड हे रुग्णाचे खासगी कागदपत्र आहे, ते गावच्या चावडीवर मिरवायची वस्तू नाही. तपासणी मुलाची आणि मुलीची दोघांचीही व्हावी. निकाल त्यांच्याच हाती द्यावा, समजावून सांगणारा समुपदेशक त्यांची बोली बोलणारा असावा. दोघेही वाहक असूनही लग्न करायचे ठरवले, तर गरोदरपणातल्या तपासणीची माहिती आणि सोय त्यांना मिळावी. पुढचा निर्णय त्यांचा.

शिबिरात हळूच विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मोठ्याने द्यायला हवे. नाही, हा आपल्या समाजाचा रोग नाही. हा एका अक्षराचा बदल आहे, तो मलेरियाने जगवला आणि जातीने कोंडून ठेवला. लाज वाटायचीच असेल तर ती ज्यांनी दारे बंद केली त्यांना वाटावी. आपण तपासणी करून घेऊ, औषध मागून घेऊ, आणि आपल्या मुलामुलींनी ती दारे उघडली तर त्यांच्या पाठीशी उभे राहू.