गोड-तिखट बेकन: दुकानचें कीं घरचें?

शाळेच्या वार्षिक अंकांत खाण्याच्या पदार्थावर लेख लिहावा, हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. इतिहास, शास्त्र, चारित्र्य असे गंभीर विषय सोडून आमची दृष्टि स्वयंपाकघराकडे कां वळली, असा प्रश्न एखादे पालक विचारतील. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, मुलाच्या चारित्र्याची परीक्षा जितकी वर्गांत होते, तितकीच ताटापाशींही होते. हात केव्हां पुढें करावा आणि केव्हां आवरावा, हें ज्यास ताटावर कळलें नाहीं, त्यास तें पुढें बाजारांत व कचेरींत कळेल, ही आशा कशाच्या बळावर बाळगावी?

प्रसंग असा घडला. नाताळच्या सुटींत अमेरिकेहून आलेल्या एका आप्तांनीं आमच्या मुलांसाठीं गोड-तिखट बेकनचा तयार पुडा आणला. पुडा फुटला आणि पांच मिनिटांत रिकामा झाला. लगेच दुसऱ्याची मागणी सुरू झाली. तेव्हां आम्हीं सांगितलें, “दुसरा पुडा मिळणार नाहीं, हवें असेल तर आपण सारे मिळून घरीं करूं.” त्या दिवशींच्या खटाटोपांतून आमचें जें मत बनलें, तें येथें मांडतों: असले पदार्थ खावयाचे तर ते घरीं, स्वतःच्या हातानें करून, आणि तेही सणासुदीसच खावे.

हा पदार्थ मूळचा अमेरिकेचा. बेकन म्हणजे तेथें बहुधा डुकराच्या पोटाकडील मांस. तें मिठांत मुरवून धुरावर धरलेलें असतें. फ्रिज व शीतगृहें नव्हतीं त्या काळीं तेथील शेतकरी थंडीच्या आरंभीं डुकर मारीत, मांस खारवीत, त्यास धुरी देत आणि तें पुढें महिनोन्महिने पुरवीत. आपल्याकडील सुकट किंवा लोणचें यांच्या मुळाशीं जी गरज, तीच त्याच्याही मुळाशीं होती. पुढें ह्याच मांसाच्या पातळ पट्ट्यांवर तांबूस साखर व लाल मिरची भुरभुरून त्या ओव्हनांत भाजण्याची चाल पडली. अमेरिकेच्या दक्षिण भागांत तिला विनोदानें ‘डुकराची मिठाई’ अशा अर्थाचें नांवही मिळालें. दुसऱ्या एका प्रकारांत पातळ खारीं बिस्किटें बेकनच्या पट्टीनें गुंडाळून, वर साखर घालून, मंद आंचेवर भाजतात.

ही चव आपणांस अगदींच परकी आहे असेंही नव्हे. ज्या मिरचीवांचून आपला घांस उतरत नाहीं, ती अमेरिका खंडांतलीच. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागली. गोव्याच्या घरांतून होणारें ‘चोरिस’ म्हणजे डुकराचें मांस, मीठ, व्हिनेगर आणि हीच लाल मिरची. तेव्हां अमेरिकेच्या शेतकऱ्याची युक्ति आणि गोव्याच्या गृहिणीची युक्ति ह्या दूरच्या कां होईना, पण बहिणीच होत.

आतां कृति सांगतों. पाव किलो बेकनच्या दहा-बारा पट्ट्या घ्याव्या. अर्धी वाटी तांबूस साखर किंवा बारीक चिरलेला गूळ, अर्धा चहाचा चमचा ब्याडगी मिरचीची पूड आणि थोडी मिरपूड हीं एकत्र करून पट्ट्यांस दोन्ही बाजूंनीं चोळावीं. मीठ मुळींच घालूं नये. तें मांसांत आधींच भरपूर असतें. ओव्हनच्या ताटलीवर जाळी ठेवून तिजवर पट्ट्या एकमेकींस न चिकटतील अशा मांडाव्या, म्हणजे चरबी खालीं गळते. १८० अंश सेल्सिअस उष्णतेवर सुमारें अर्धा तास भाजावें व मध्यें एकदां पट्ट्या उलटाव्या. शेवटचीं पांच मिनिटें ओव्हनापासून हलूं नये, कारण साखर तांबूस होण्यास जितका वेळ लावते, त्याच्या चतुर्थांशांत ती करपते. बाहेर काढतांना पट्ट्या मऊच असतात. दहा मिनिटें निवल्यावर साखर घट्ट होऊन त्या कुरकुरीत होतात. बिस्किटांचा प्रकार करणें असेल तर उष्णता १२० अंशच ठेवून दोन तास वाट पाहावी लागते. गरम साखरेचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट, म्हणून ताटली काढण्याचें काम वडील माणसांनींच करावें.

हें सारें आज आम्ही शहाणपणानें सांगतों. परंतु पहिल्या दिवशीं आमचीच गत ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ अशी झाली. मुलें अधीर, आणि त्यांच्याहून आम्ही अधीर. आंच वाढविली कीं काम लवकर उरकेल, ह्या समजुतीनें आम्हीं उष्णता २३० अंशांवर नेली. घरांत धूर कोंडला, साखर कोळशासारखी काळी पडली, आणि पट्ट्यांचे मधले भाग मात्र चिवट राहिले. धाकटा मुलगा म्हणाला, “बाबा, पुडाच आणला असता तर बरें झालें असतें.” त्या क्षणीं आम्हांसही तसेंच वाटलें, हें कबूल करणें भाग आहे.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां बैठक मांडली. ह्या वेळीं घड्याळ लावून, साखर मोजून, सर्व कांहीं सावकाश केलें. पट्ट्या उत्तम झाल्या. परंतु खरा लाभ चवीचा नव्हता. जाळी उचलल्यावर खालच्या ताटलींत चरबीचें थारोळें दिसलें. थोरली मुलगी तें पाहून गप्प झाली. मग तिनें विचारलें, “बाबा, साखर आपण अर्धी वाटी घातली, ही चरबी एवढी गळली, मग त्या पुड्यांत किती काय होतें?” पुडा हातांत होता तेव्हां हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. घरीं करण्याच्या बाजूनें आमचा सर्वांत मोठा पुरावा हाच: जिभेस जें दिसत नाहीं, तें करणाऱ्याच्या डोळ्यांस दिसतें.

मात्र येथें प्रामाणिकपणा हवा. घरीं केल्यानें बेकनचे सारे दोष जातात, असें कोणी समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं, खारवून वा धुरावर धरून टिकविलेलें मांस मनुष्यास कर्करोगकारक आहे, असा निर्णय दिला. असें मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो, असें त्या संस्थेनें सांगितलें. तंबाखूही त्याच वर्गांत आहे. परंतु तो वर्ग पुरावा किती पक्का आहे हें दाखवितो, धोका तंबाखूएवढाच आहे असें नव्हे. मिठाविषयीं म्हणावें तर त्याच संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें. ओव्हन घरचा असला तरी बेकन तेंच असतें. म्हणूनच हा सणाचा पदार्थ आहे, डब्यांतला नव्हे. वर्षांतून दोन-तीनदां, माणशीं दोन पट्ट्या, ही आमच्या घरीं ठरलेली मर्यादा. ‘अति तेथें माती’ ही म्हण येथें शब्दशः लागू पडते.

मर्यादा मोडावयास लावणारे पुष्कळ असतात, हेंही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. १९२० च्या दशकांत अमेरिकेंत एडवर्ड बर्नेज नांवाचा जाहिरातशास्त्रांतील मोठा निष्णात होऊन गेला. बेकन विकणाऱ्या एका कंपनीनें त्यास खप वाढविण्याचें काम दिलें. त्यानें एका डॉक्टराकरवीं इतर हजारों डॉक्टरांस प्रश्न विचारविला कीं, सकाळची न्याहारी हलकी असावी कीं भरपेट? बहुतेकांनीं भरपेट असावी असें कळविलें. तें मत वर्तमानपत्रांतून गाजविलें गेलें, आणि त्याला जोडूनच बेकन व अंडीं ह्यांची शिफारस लोकांपुढें आली. हा सारा डाव बर्नेजनें पुढें आपल्याच तोंडानें सांगितला. पिढ्यान्पिढ्यांची रीत म्हणून आपण जी मानतों, तिच्या मागें कधीं कधीं असा एखादा हिशेबी माणूस बसलेला असतो. आज तर त्याचे वारस मुलांच्या हातांतल्या मोबाइलमध्यें येऊन बसले आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं व रीतींचीं मुलें एका बांकावर बसतात. कित्येकांच्या घरीं हें मांस वर्ज्य आहे, कित्येकांच्या घरीं मांसच वर्ज्य आहे. ज्याच्या घरीं तें चालतें त्यानें लाजण्याचें कारण नाहीं. आणि ज्याच्या घरीं चालत नाहीं त्यास आग्रह करण्याचा, त्याची थट्टा करण्याचा किंवा नकळत खाऊं घालण्याचा अधिकार कोणासही नाहीं. मित्रांस घरीं बोलावलें असेल तर गूळ-मिरचीचा हाच हात काजूंस किंवा शेंगदाण्यांस लावून ते वेगळ्या, स्वच्छ ताटलींत भाजावे. आमच्या घरीं त्या दिवशीं काजूच आधीं संपले!

शेवटीं पालकांस एक विनंती. हें काम मुलींवरच सोंपवूं नका. मुलगा साखर मोजील, घड्याळ पाहील, शेवटीं तेलकट ताटली घांसून ठेवील, तेव्हां त्यास कळेल कीं पांच मिनिटांत फस्त होणाऱ्या पदार्थामागें कोणाचा तरी एक प्रहर खर्ची पडलेला असतो. तें एकदां कळलें म्हणजे रोज वाढल्या जाणाऱ्या साध्या वरणभाताकडेही तो निराळ्या दृष्टीनें पाहूं लागेल.

दुसरा पुडा आमच्या घरीं अद्याप आलेला नाहीं. मुलेंही आतां तो मागत नाहींत; पुढचा नाताळ किती दिवसांवर आहे, एवढेंच विचारतात.