जिन्यात जाऊन बोलायची भाषा

वसतिगृहातल्या मुलाला घरून फोन येतो. तो उठून जिन्यात जातो, आवाज खाली आणतो आणि याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोलीत बोलतो. खोलीत परतला की पुन्हा मराठी. छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेल्या तांड्यावरच्या मुलांमध्ये हे दिसते. आडनाव चव्हाण, पवार किंवा जाधव असेल तर ओळख झाकता येते, राठोड असेल तर तेही अवघड.

2025च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेश करा, ही मागणी होती. आदिवासी संघटनांनी तिला विरोध केला. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. त्या वादाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण मोठी माणसे वेगळी बोली, पेहराव, तीज यांचे दाखले देत असताना घरातली सोळा वर्षांची मुले नेमके तेच लपवत असतील, तर ती आरोग्याचीही बाब आहे.

‘मी कोण’ हा किशोरवयातला मुख्य प्रश्न, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडले. जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी 13 देशांतल्या स्थलांतरित कुटुंबांमधील किशोरांचा अभ्यास 2006मध्ये प्रसिद्ध केला. घरची आणि बाहेरची, दोन्ही संस्कृती धरून ठेवणारी मुले एकंदरीत अधिक सावरलेली आढळली. कुठलीच धड आपली न वाटणाऱ्यांची स्थिती वाईट होती. ज्यांना भेदभाव जाणवला, त्यांना त्रासही जास्त. आपली मुले परदेशी गेलेली नाहीत, हे खरे. पण तांडा ते औरंगपुरा हे अंतरही थोडे नाही. त्यात आईवडील ऊसतोडीला गेलेले असले, तर सहा-सहा महिने बोलायला घरचे कुणी जवळ नसते.

अशी घुसमट सरळ सांगितली जात नाही. डोके दुखते, पोट दुखते, झोप लागत नाही, असे म्हणत मूल दवाखान्यात येते. आधी रक्तक्षय वगैरे तपासावेच. प्रत्येक दुखण्याला मन जबाबदार धरणे हीही चूकच. तपासण्यांत काही निघाले नाही, तर मात्र ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून वाटेला लावू नये. घरी कोणती भाषा बोलता, वर्गात नावावरून चिडवतात का, हे पालकांना बाहेर बसवून विचारावे.

आणखी एक गोष्ट सर्रास घडते. मराठी न येणाऱ्या आजीसोबत आलेला नातूच दुभाषी होतो आणि तिच्या अंगावर जाण्याचा त्रास त्याला डॉक्टरांना सांगावा लागतो. दोघेही मान खाली घालतात, निम्मे दुखणे सांगायचेच राहते. लाओसमधून 1975नंतर अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग कुटुंबांतल्या मुलांवरही हीच वेळ आली होती. गोरबोली जाणणारी परिचारिका किंवा आशाताई शोधणे मराठवाड्यात अशक्य नाही.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014पासून आहे. 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत, 14416 ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइनही आहे. वसतिगृहाच्या फलकावर हा क्रमांक लिहायला खडूचा एक तुकडा लागतो.